टेंगूळ आलं म्हणजे सुटलो, असं नसतं

माझी ताई कॅनडात असते, ऑंटारिओत. वय ४९. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणून कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबात जायला लागली, दर मंगळवारी रात्री, आणि सहाव्या का सातव्या आठवड्यात बर्फावर मागच्या मागे पडली. डोक्याची मागची बाजू थेट बर्फावर. ती सांगते की आवाज तिचा तिलाच ऐकू आला, नारळ आपटल्यासारखा, आणि डोळ्यापुढे काजवे चमकले. बायकांनी धरून उठवलं, कुणीतरी पिशवीत बर्फ घालून आणला, ती हसली, त्या हसल्या, आणि राहिलेले दोन डाव खेळून स्वतः गाडी चालवत ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. आईचा पहिला प्रश्न, टेंगूळ आलंय का गं? ताई म्हणाली हो, लिंबाएवढं. आई म्हणाली मग बरं झालं, बाहेर आलं म्हणजे आत काही नाही. मी विचारलं उलटी झाली का, ती म्हणाली नाही, मी म्हटलं मग टेन्शन घेऊ नकोस ताई, हळदीचं दूध पी आणि झोप. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या हॉलमध्ये बसून आम्ही मायलेकांनी तिला हे सांगितलं आणि तिने ऐकलं, कारण तिलाही तेच ऐकायचं होतं. मला आजही त्या बोलण्याचं वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी ऑफिसात एक साधा ईमेल ती चार वेळा वाचत बसली, अर्थच लागेना. दुकानातले पांढरे दिवे सहन होईनात. दाजींवर खेकसायला लागली, जे आम्ही तिचं लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नव्हतं, दाजीच घाबरले आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. सीटी स्कॅन नॉर्मल. निदान कन्कशन, म्हणजे माराने मेंदूचं काम काही काळ बिघडणं. पूर्ण पहिल्यासारखी व्हायला तिला सात आठवडे लागले.

या सात आठवड्यांत मी या विषयावर खूप वाचलं, इथल्या डॉक्टर मित्रांना विचारलं, आणि मग लक्षात आलं की हा प्रश्न कॅनडातल्या बर्फाचा नाहीच, आपल्या कॉलनीतल्या टर्फचाही तोच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हौशी खेळात, जिथं कोच नाही, डॉक्टर नाही, सगळे एकमेकांचे मित्र, तिथं डोक्याला जोरात मार लागला की त्या माणसाचा त्या दिवसाचा खेळ संपला, आणि हे ठरवायचा अधिकार त्या माणसाकडे असता कामा नये. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरलेलं पाहिजे. आणि जिथं मागे पडणं हा खेळाचाच भाग आहे तिथं डोक्यावर काहीतरी संरक्षण पाहिजे, नवशिक्याला तर सक्तीने.

कर्लिंग आपल्याकडे लोकांनी हिवाळी ऑलिंपिक लागलं की टीव्हीवर पाहिलंय, बहुतेकांना ते झाडू मारणारे लोक एवढंच आठवतं. १९९८ च्या नागानोपासून तो ऑलिंपिकमध्ये नियमित पदकाचा खेळ आहे. बर्फाची पट्टी साधारण ४५ मीटर लांब, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दुपटीपेक्षा जास्त. एका बाजूने ग्रॅनाइटचा दगड सोडायचा, वजन २० किलोच्या आतबाहेर, (हा ग्रॅनाइट स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरून येतो, आणि थोडा वेल्समधून), आणि पलीकडे काढलेल्या वर्तुळांच्या मध्यभागी तो थांबवायचा. टीममध्ये चार जण, एक सोडतो, दोघं दगडाच्या पुढे ब्रश घासत पळतात म्हणजे दगड लांब जातो आणि वळतो कमी. कुणी कुणाला धक्का मारत नाही, अंगावर जात नाही, खेळाच्या आधी हात मिळवायचे आणि नंतरही. पद्धत अशी की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना काहीतरी प्यायला द्यायचं. सत्तरी पार केलेले लोक खेळतात. म्हणून सगळ्यांना वाटतं की हा निरुपद्रवी खेळ आहे.

आता पायाकडे बघा. कर्लिंगच्या एका बुटाचा तळ टेफ्लॉनचा असतो, घसरण्यासाठीच बनवलेला, आणि दुसऱ्याचा रबरी. दगड सोडताना घसरत जायचं असतं म्हणून हे. बाकी वेळ त्या घसरणाऱ्या तळावर रबरी कव्हर चढवायचं असतं, नवशिका ते विसरतो, किंवा बर्फावर उतरताना चुकून घसरणारा पाय आधी टाकतो आणि गेला. ताईचं अजून वेगळं झालं, ती मागे मागे चालत होती, दगड कुठे जातोय ते बघत, आणि पाठीमागे थांबलेल्या दुसऱ्या दगडाला टाच अडखळली. तोंडावर पडणारा माणूस निदान हात पुढे करतो. मागे पडणाऱ्याला हात मागे न्यायला वेळच मिळत नाही, आणि बर्फावर पाय पुढे निसटलेले असल्यामुळे तोल सावरायला काही शिल्लक राहत नाही. साधं गणित आहे, शाळेतलं, दीड मीटरवरून एखादी वस्तू पडली तर जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळपास असतो. ताईचं डोकं दीड मीटरवर होतं आणि खाली बर्फ होता, जो कणभरही दबत नाही.

कन्कशन म्हणजे नेमकं काय हे मला ४४ व्या वर्षी कळलं, शाळेत कुणी शिकवलं नाही, स्काऊटच्या कॅम्पात नाही, कंपनीतल्या सेफ्टी ट्रेनिंगमध्येही नाही (तिथं डोक्यावर वस्तू पडण्याबद्दल सगळं सांगतात, पडल्यावर पुढच्या दोन दिवसांत काय बघायचं ते सांगत नाहीत). सिटीलिंकची बस जोरात ब्रेक मारते तेव्हा बस थांबते पण उभी माणसं पुढे जातात, कवटी आणि मेंदूचं तसंच होतं. कवटी थांबते, मेंदू आत हलतो, पिळला जातो, त्याच्या पेशींचं काम काही काळ बिघडतं. यात कवटी फुटायची गरज नाही, रक्त यायची गरज नाही, शुद्ध जायची तर अजिबात गरज नाही, बहुतेक कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो. इतकंच काय डोकं कशावर आपटलं नाही, नुसता जोरदार हिसका बसला तरी होऊ शकतं. आणि बिघाड कामकाजाचा असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. सीटी काढतात तो आत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही ना हे बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणूस नॉर्मल असा अर्थ आपण काढतो, तो चुकीचा.

आपल्याकडच्या समजुती सगळ्यांना माहीत आहेत, मी त्यातच वाढलो. टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत गेलं नाही. उलटी नाही तर काही नाही. कानातून रक्त नाही तर काही नाही. कांदा हुंगवा, तोंडावर पाणी मारा, चालवून बघा, आणि काही झालं तरी झोपू देऊ नका. यात दोनच गोष्टींत तथ्य आहे, पुन्हा पुन्हा उलटी होणं आणि कानातून रक्त येणं ही खरंच धोक्याची लक्षणं आहेत, पण ती नसणं हा सुरक्षिततेचा दाखला नाही. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साठलेलं रक्त, ते मेंदूबद्दल काहीच सांगत नाही. झोपेचं म्हणाल तर तपासून झाल्यावर माणूस ठीक बोलत चालत असेल तर झोप घ्यायला हरकत नसते, पहिली रात्र सोबत कुणीतरी असावं एवढं पुरे. पण गुंगी वाढत चालली असेल, डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, झटका आला, एकाचे दोन दिसायला लागले, हातापायात जोर नाही, मान दुखतेय, बोलणं किंवा वागणं विचित्र वाटतंय, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

आता मी ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो.

धोकादायक समजल्या जाणाऱ्या खेळात माणसं सावध असतात. बॉक्सिंगला रेफ्री असतो, मोजतो. रग्बीत बाजूला डॉक्टर असतो. हौशी खेळात हे कुणीच नाही, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तिथली मैत्री. ताईला त्या रात्री कुणी खेळ म्हणून आग्रह केला नव्हता. तीच म्हणाली आय ॲम फाइन. कारण चार जणींची टीम, ती बसली तर तिघीच उरणार, समोरच्यांचा खेळ बिघडणार, मंगळवारची एकच रात्र, आणि पडण्याची लाज. बाकीच्यांनाही वाटलं की मोठी बाई आहे, तिला कळतंय. पण ज्या अवयवाने तिला ठरवायचं होतं त्यालाच मार बसला होता ना! पायाला लागलं तर डोकं शाबूत असतं, ते सांगतं की पाय दुखतोय, थांब. डोक्यालाच लागलं तर सांगणार कोण? म्हणून मी म्हणतो की जखमी माणसाला विचारायचंच नाही. "तुला बरं वाटतंय का" हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असला तरी त्या वेळी तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो.

हे मी दुसऱ्यांना सांगतोय पण मी स्वतः हेच केलंय आणि ते इथं लिहिणं मला गरजेचं वाटतं. दर रविवारी सकाळी आम्ही १२-१४ जण एका टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतो, वय तिशीपासून पन्नाशीपर्यंत, कुणी अंबडला कंपनीत, कुणी सातपूरला, दोघं शिक्षक. खाली काँक्रीट, वर हिरवं कार्पेट, कडेला जाळी धरणारे लोखंडी पोल, त्यातल्या काहींवर फोम गुंडाळलेला आणि काहींवरचा कधीच निघून गेलेला. ताईच्या प्रकाराच्या आधीची गोष्ट, मे महिना, आमच्यातला एक जण उंच उडालेल्या बॉलखाली मागे मागे पळत गेला, नजर वर, आणि डोकं पोलवर. खाली बसला. आम्ही पळालो, पाणी मारलं, रुमाल ओला करून बांधला, कुणीतरी म्हणालं एक ओव्हर बस रे. तो बसला. मग त्याची बॅटिंग आली आणि तो उतरला, आणि मी त्याला उतरू दिलं, स्कोअर माझ्याकडे होता. त्याने मला तीनदा विचारलं, किती झाले? मी तीनदा सांगितलं. दोन मिनिटांत तीनदा तोच प्रश्न. मला वाटलं आवाजात ऐकू गेलं नसेल. आता मला माहीत आहे की तोच तोच प्रश्न परत विचारणं हे कन्कशनचं अगदी ठळक लक्षण आहे. खेळून झाल्यावर तो स्कूटरवर पाथर्डी फाट्यापर्यंत गेला, हायवे ओलांडून. दहा दिवस डोकं दुखत होतं एवढंच, नंतर बरा झाला. पण तो बरा झाला यात आमच्या कुणाचाही हात नव्हता.

क्रिकेटमध्ये या गोष्टी आपल्याला माहीत नाहीत असंही नाही. नरी कॉन्ट्रॅक्टर यांना १९६२ ला बार्बाडोसमध्ये बाउन्सर डोक्याला लागला, कवटीला फ्रॅक्चर, परत कधी टेस्ट खेळले नाहीत, हे आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होतं. भारताकडून खेळलेल्या रमण लांबाचं मला स्वतःला आठवतंय, फेब्रुवारी १९९८, ढाक्यातली क्लबची मॅच, फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा राहिला आणि बॉल कपाळाच्या बाजूला लागला. तो उठला. चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. नंतर बेशुद्ध पडला आणि तीन दिवसांनी गेला. ते चालत जाणं फार महत्त्वाचं आहे. कवटीच्या आत रक्त साठायला वेळ लागतो, मधल्या काळात माणूस उठतो, बोलतो, चालतो, आणि आजूबाजूचे सगळे म्हणतात हुश्श. आपल्या सगळ्या घरगुती परीक्षा, चालवून बघा, नाव विचारा, बोटं मोजायला लावा, त्या मधल्या काळात माणूस पास होऊ शकतो.

आयसीसीने ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन सबस्टिट्यूट आणला. म्हणजे डोक्याला लागलं तर तो खेळाडू बाहेर आणि त्याच्या जागी दुसरा. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो कारण टीमचं नुकसान होईल ही भीतीच काढून टाकली, जी भीती माणसाला उभं ठेवते. पण आपण त्याची चर्चा कशी केली? ३१ जानेवारी २०२५, पुण्याची टी-ट्वेंटी, इंग्लंडविरुद्ध, शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या ओव्हरला बॉल लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला, त्याने तीन विकेट काढल्या. पुढचा आठवडाभर आमच्या ग्रुपवर, ऑफिसात, चहाच्या टपरीवर एकच वाद, ऑलराउंडरच्या जागी पूर्ण बॉलर कसा काय. तो वाद चुकीचा नव्हता, मीही त्यात होतो. पण दुबेच्या डोक्याचं काय झालं हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. डोक्याची इजा आपल्याला अजून डावपेचाचा भाग वाटते, इजा वाटत नाही.

आता हेल्मेट. इथं विरोध होतो हे मला माहीत आहे, ताईच्या क्लबातही झाला. तिकडे बऱ्याच क्लबांत लहान मुलांना हेल्मेट घालायला लावतात, नवशिक्यांनाही सांगतात, पण मोठ्या माणसांवर सोडून देतात, आणि मोठी माणसं घालत नाहीत कारण टीव्हीवरचे घालत नाहीत. ऑलिंपिकचे खेळाडू उघड्या डोक्याने खेळतात. पण पडायला तेही पडतात, २००६ चा सुवर्णविजेता ब्रॅड गुशू २०१५ मध्ये एका स्पर्धेत ब्रश घासत पळताना तोंडावर आपटला, भुवईपाशी टाके घालून सुजलेल्या डोळ्याने परत बर्फावर आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या खटकतात, गुशूबद्दल आदर असूनही. कारण त्या टाळ्या ऐकून मंगळवारच्या लीगमधली एखादी बाई ठरवते की आपणही उरलेले दोन डाव खेळायचे.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही, की हेल्मेटने कन्कशन थांबतंच असं नाही. बरोबर. हेल्मेट कवटीचं फ्रॅक्चर, जखम, आतला मोठा रक्तस्राव यांचा धोका कमी करतं, पण आत मेंदू हलायचा तो काही प्रमाणात हलतोच. कर्लिंगसाठी पॅडवाल्या टोप्या आणि हेडबँड मिळतात, दिसायला साध्या, त्या काहीच नसण्यापेक्षा बऱ्या, पण सगळ्याच कुठल्या मानकावर तपासलेल्या असतात असं नाही, आणि सायकलचं हेल्मेट वापरायचं तर मागची बाजू नीट झाकतं का ते बघावं लागतं, कारण पडायचं मागेच आहे. म्हणून मी हेल्मेटला दुसरा नंबर देतो आणि खेळ थांबवायच्या नियमाला पहिला. हेल्मेट होतं ना मग खेळ, असं म्हणणं तर टेंगळाच्या समजुतीसारखंच झालं. पण कन्कशन थांबत नाही म्हणून हेल्मेटच नको हा युक्तिवाद मला पटत नाही, कवटी फुटली नाही तर तो फायदा छोटा आहे का?

दुसरा आक्षेप, प्रत्येक गोष्टीत भीती घातली तर लोक खेळणंच सोडतील. याला नाशिककरांकडे स्वतःचं उत्तर आहे असं मला वाटतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात पोलिसांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली, आपण सगळ्यांनी पाहिली. पंपावर रांगेत मागच्याचं हेल्मेट मागून घ्यायचं, पेट्रोल भरायचं, परत द्यायचं, हेही पाहिलं. मोहिमेचा हेतू चांगला होता, माझा पाठिंबा होता, पण बहुतेकांच्या डोक्यात हेल्मेट म्हणजे पेट्रोलचं तिकीट एवढंच राहिलं. आता त्याच शहरातले सायकलवाले बघा. इथल्या महाजन बंधूंनी २०१५ ला रॅम, म्हणजे अख्खी अमेरिका ओलांडायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून तर सायकलीचं वेडच लागलं इथं, पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला, पांडवलेणीच्या बाजूला बघा कितीतरी जण दिसतील, आणि ग्रुपच्या राइडला हेल्मेट न घालता उभं राहून बघा, पोलिसाची गरज नाही, शेजारचाच विचारेल हेल्मेट कुठंय. त्यामुळे सायकल चालवणारे कमी झाले का? वाढले. सक्ती बाहेरून आली तर लोक पळवाट शोधतात आणि ग्रुपची रीत झाली तर विसरलेला माणूस स्वतःच ओशाळतो. दहीहंडीला वरच्या थरातल्या पोराच्या डोक्यावर आता हेल्मेट दिसतं, आमच्या लहानपणी कल्पनाही नव्हती. मल्लखांबाखाली गादी नसेल तर कुठला वस्ताद पोराला चढवतो?

ऑंटारिओत यावर कायदाच आहे. ओटावातली रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी, शाळेच्या रग्बी टीमची कॅप्टन, मे २०१३ मध्ये गेली. आठवड्याभरात तिला एकाहून जास्त वेळा डोक्याला मार बसला होता, आधीचा मार बरा व्हायच्या आत पुढचा बसला आणि मेंदूला सूज आली. मग चौकशी झाली, शिफारशी झाल्या आणि २०१८ ला तिच्याच नावाने रोवन्स लॉ आला. खेळाडूंनी दरवर्षी कन्कशनची माहिती वाचायची, संशय आला तरी लगेच बाहेर, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत पूर्ण खेळ नाही. फार चांगला कायदा आहे, पण त्याचा मुख्य भर २६ वर्षांखालच्या खेळाडूंवर आहे. ४९ वर्षांची माझी ताई त्यात बसत नाही. म्हणजे जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या कायद्यातही मंगळवारी रात्री हौसेने खेळणारा मोठा माणूस त्याच्या स्वतःच्या भरवशावर सोडलेला आहे.

आणि मोठ्या माणसाला धोका कमी नसतो, हे आवर्जून सांगतो कारण आपल्याकडे सकाळी बॅडमिंटन, बॉक्स क्रिकेट, स्केटिंगला नातवाबरोबर जाणं हे सगळं पन्नाशी-साठीचे लोक करतायत आणि करावंच. पण यातले किती जण रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर आहेत? अँजिओप्लास्टी झालेली, स्टेंट टाकलेला, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून गोळी चालू. त्यांना डोक्याला मार लागला तर आतला रक्तस्राव होण्याची आणि तो न थांबण्याची शक्यता जास्त असते. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, साध्या मारानेही हळूहळू रक्त साठत जातं, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी कळतं, तोपर्यंत घरचे म्हणत असतात बाबा हल्ली विसरायला लागलेत, चालताना लडखडतात, वय झालं. अशा माणसाला डोक्याला लागलं की लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, आणि गोळी चालू आहे हे सांगायचं. आपल्या ग्रुपमध्ये कोण या गोळ्या घेतं हे कॅप्टनला माहीत असायला काय हरकत आहे, आपण कुणाला शुगर आहे ते माहीत ठेवतोच की, कोजागिरीच्या दुधात.

मग करायचं काय, तर मला कायदा, लायसन्स, समिती असलं काही नकोय. टर्फवाल्यांनी पोलवरचा फोम दर पावसाळ्यानंतर बदलावा आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये दोन ओळी घालाव्यात, डोक्याला मार लागल्यास खेळाडूने त्या दिवशी खेळू नये, एकट्याने गाडी चालवू नये. स्केटिंगच्या क्लासवाल्यांनी पालकांना पहिल्याच दिवशी हेच सांगावं, मुलांना हेल्मेट बहुतेक ठिकाणी असतं पण पट्टा लोंबकळत असतो. शाळेच्या स्पोर्ट्स डेला, कबड्डीच्या, खो-खोच्या मॅचला एका शिक्षकाकडे फक्त एवढंच काम असावं. आणि रविवारच्या ग्रुपमध्ये दोन जण ठरवून ठेवावेत, एक जण थांबवणारा, ज्याच्या शब्दावर वाद घालायचा नाही, आणि एक जण घरी सोडणारा. परत खेळायला यायचं तेही हळूहळू. २०२२ ला ॲमस्टरडॅमला या विषयातल्या जगभरातल्या डॉक्टरांची परिषद झाली, त्यांचं म्हणणं असं की पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइल टीव्ही कमी, पण आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायची गरज नाही, त्रास वाढत नसेल तर थोडं चालणं पहिल्या दोन दिवसांतही चालतं, मग हलका व्यायाम, मग खेळाचा सराव, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. ताईने हेच केलं, पहिल्या दोन आठवड्यांची घाई सोडली तर.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मी हा नियम मांडला तेव्हा तिघांनी लगेच हो म्हटलं आणि एकाने विचारलं, म्हणजे कुणी नुसतं डोकं धरून बसला तरी मॅचमधून काढणार? हो, काढणार. मग त्याच्या टीमला एक माणूस कमी? नाही, बदली माणूस मिळेल, समोरच्या टीमची तक्रार चालणार नाही, पुण्याच्या मॅचवरून जो वाद आपण घातला तो इथं घालायचा नाही. यावर बराच वेळ बोलणं झालं, चहा गार झाला. शेवटी ज्याचं डोकं मे महिन्यात पोलवर आपटलं होतं तो म्हणाला, मला त्या दिवशीच्या बॅटिंगमधलं काहीच आठवत नाही रे, मी किती केले होते? हे त्याने आम्हाला त्या दिवसापर्यंत कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

तिकडे ऑक्टोबरमध्ये नवा सीझन सुरू होतोय. ताईने फी भरलीय, आईचा विरोध असून. मागची बाजू नीट झाकणारं हेल्मेट घेतलंय आणि क्लबला पत्र लिहिलंय की पहिल्या वर्षीच्या सगळ्या मोठ्या माणसांना ते सक्तीचं करा, नसेल तर क्लबने द्या. क्लबचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि इथं आमच्या सोसायटीची मीटिंग आहे येत्या रविवारी, कोजागिरीच्या खेळांचं ठरायचंय, रस्सीखेच, लंगडी, लहान मुलांच्या स्केटिंगच्या शर्यती पार्किंगमध्ये, जिथं खाली कोटा फरशी आहे. मी सेक्रेटरींना अर्ध्या पानाचं लिहून दिलंय. त्यांनी वाचलं आणि विचारलं, थांबवणारा माणूस म्हणून कुणाचं नाव टाकू? मी माझं टाकायला सांगितलं.